आधी जमिनीवरून उचला

सहा वर्षं मी नेमाने स्क्वॉट मारत होतो. खांद्यावर 100 किलोचा बार घ्यायचा, मांड्या जमिनीला समांतर होईपर्यंत खाली बसायचं, उठायचं. आरशात पाहून मनातल्या मनात शड्डूही ठोकायचा. एके सकाळी स्वयंपाकघरात गॅसचा भरलेला सिलिंडर जागेवर सरकवायला उचलला आणि कमरेत उसण भरली. सिलिंडर तो केवढा? 14.2 किलोचा गॅस आणि त्याहून थोडं जास्त लोखंड, मिळून 30 किलोच्या आसपास. चार दिवस अंथरुणावर होतो. आई शेक द्यायला आली ती विचारतच, "जिमला पैसे कशाचे भरतोस रे?"

एका उसणीवरून सिद्धान्त मांडू नये, हे मला कळतं. पण आईच्या प्रश्नाला उत्तर द्यायला हवं होतं, आणि ते शोधताना ध्यानात आलं की सहा वर्षांत जमिनीवर पडलेली जड वस्तू कशी उचलायची, हे मला कुणी एकदाही शिकवलं नव्हतं. उलट आमच्या जिमचे सर सांगायचे, "काका, डेडलिफ्टच्या नादी लागू नका. कमरेचं वय झालंय तुमचं. स्क्वॉट केला की सगळं आलं." हे मत एकट्या सरांचं नाही. बहुतेक जिममध्ये ते छातीठोकपणे सांगितलं जातं, म्हणून त्याचा समाचार घ्यायचा. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो: चाळिशी ओलांडलेल्या, पोटापाण्याचा उद्योग खुर्चीवर बसून करणाऱ्या आणि आठवड्यातून जेमतेम दोनदा जिमची पायरी चढणाऱ्या माणसाने लोखंड हातात घ्यायचं ठरवलं, तर पहिला मान डेडलिफ्टचा, म्हणजे जमिनीवरचा बार उचलून उभं राहण्याचा, आहे.

पहिला दावा, स्क्वॉटमध्ये सगळं येतं. नाही येत. स्क्वॉटमध्ये वजन पाठीवर असतं, गुडघा आणि खुबा दोन्ही खोलवर मुडपतात आणि मुख्य काम मांडीच्या पुढच्या भागावर व पुठ्ठ्यांवर येतं. मांडीच्या मागचे हॅमस्ट्रिंग हे खुबा आणि गुडघा अशा दोन्ही सांध्यांवरून जातात. खाली बसताना ते खुब्याकडे ताणले जातात तसे गुडघ्याकडे सैल पडतात. जमाखर्च सारखाच, शिल्लक काही नाही. 2019 साली जपानमध्ये झालेल्या एका प्रयोगात काही तरुणांनी 10 आठवडे स्क्वॉट मारले. एका गटाने पूर्ण बसून, दुसऱ्याने अर्धवट बसून. गुडघा सरळ करणारे स्नायू दोन्ही गटांत वाढले. पूर्ण बसणाऱ्यांचे पुठ्ठे आणि मांडीचा आतला भाग अधिक भरला. हॅमस्ट्रिंग मात्र कुणाचेच वाढले नाहीत. डेडलिफ्टमध्ये गुडघा थोडाच वाकतो, खुबा बिजागरीसारखा मिटतो आणि उघडतो. भार हॅमस्ट्रिंगवर, पुठ्ठ्यांवर, कण्याच्या दोन्ही बाजूंच्या दोरखंडासारख्या स्नायूंवर आणि थेट बोटांच्या पकडीवर येतो. स्क्वॉटमध्ये हात बार नुसता धरून ठेवतात. डेडलिफ्टमध्ये पकड सुटली की खेळ खलास.

पुस्तकी वाटत असेल तर बाजार समितीत जा. ट्रकवरचे दोघे पोतं खाली उभ्या असलेल्या हमालाच्या पाठीवर देतात, तो ते घेऊन चालू लागतो. हे काम स्क्वॉटच्या जातीचं. तेच पोतं जमिनीवर पडलेलं असेल तर एकटा शहाणा हमाल त्याला हात घालत नाही; समोर जोडीदार लागतो. पाठीवरचं ओझं आणि पायाशी पडलेलं ओझं यांतला फरक ज्यांना पक्का कळतो, त्यांच्याच संघटनांना 100 किलोचं पोतं 50 किलोवर आणण्यासाठी झगडावं लागलं. आपल्या घरात पाठीवर आयतं वजन कोण आणून ठेवतं? सिलिंडर, तांदळाचं पोतं, पाण्याचा जार, प्रवासाची बॅग, झोपलेलं नातवंड, सगळं खालूनच उचलावं लागतं.

दुसरा दावा जरा जाणकारांचा. ऑलिम्पिकचे वेटलिफ्टर वर्षभर स्क्वॉट घोटतात, डेडलिफ्टकडे फारसे फिरकत नाहीत. जगातले सगळ्यात ताकदवान लोक जे करतात ते आम्ही करतो. वकिली झकास आहे, पण अर्धा पुरावा लपवणारी. वेटलिफ्टरचे स्नॅच आणि क्लीन अँड जर्क हे दोन्ही स्पर्धाप्रकार सुरूच होतात जमिनीवर पडलेल्या बारपासून. तो रोज जमिनीवरून ओढतोच, आणि ओढलेलं वजन खाली बसून झेलल्यावर उठता यावं म्हणून स्क्वॉट मारतो. ज्या रुमानियन डेडलिफ्टचं नाव आज प्रत्येक ट्रेनरच्या तोंडी असतं, ते 1984 च्या ऑलिम्पिकमधला सुवर्णविजेता निकू व्लाद याच्या सरावातून रूढ झालं. वेटलिफ्टरचा दाखला देणाऱ्यांनी तो पुरता द्यावा.

तिसरा दावा भीतीचा आहे: डेडलिफ्टने कंबर मोडते, मणक्यातली गादी सरकते. ही भीती बहुतेकांनी मोबाइलवर पाहून कमावलेली असते. 2016 साली लीड्समध्ये ब्रिटिश ताकदवीर एडी हॉलने 500 किलो उचलले तेव्हा त्याच्या नाकातून रक्त आलं. 2020 साली आइसलंडच्या हाफथोर ब्यॉर्नसनने त्यावर एक किलो चढवला. ते पाहून डेडलिफ्टला घाबरणं म्हणजे फॉर्म्युला वनची शर्यत पाहून स्कूटर विकण्यासारखं आहे.

भीतीचा हा खेळ नवा नाही. 1961 साली टेक्सास विद्यापीठातल्या कार्ल क्लाइन यांनी खोल बैठकांनी गुडघ्याचे बंध सैल होतात असं मांडलं, आणि पुढे कित्येक वर्षं लोक अर्ध्यावरच थांबू लागले. नंतरच्या अभ्यासांत तसं काही आढळलं नाही. इकडे आपल्या तालमींत पोरं लाल मातीत शेकड्यांनी बैठका काढत होती, त्यांना कुणी टेक्सासला विचारायला पाठवलं नव्हतं. काल गुडघ्याचा बागुलबुवा होता, आज कमरेचा आहे. कालचा खोटा ठरवणारे स्क्वॉटप्रेमी आजचा मात्र स्वतःच उभा करतात, ही यातली गंमत.

स्वीडनमध्ये 2015 साली कंबरदुखीच्या 70 रुग्णांचे दोन गट करून एकाला हलके, नियंत्रित हालचालींचे व्यायाम दिले आणि दुसऱ्याला देखरेखीखाली चक्क डेडलिफ्ट. दुखणं दोन्ही गटांचं कमी झालं. दैनंदिन हालचालींच्या क्षमतेत हलक्या व्यायामाचा गट सरस ठरला, हेही सांगायला हवं. आणि ज्यांचं दुखणं मुळातच तीव्र होतं त्यांना डेडलिफ्टचा उपयोग कमी झाला. म्हणजे डेडलिफ्ट हे कंबरदुखीवरचं रामबाण औषध नव्हे. पण ज्याला विष म्हणून बाटलीवर कवटी रंगवली जाते, ते पिऊन दुखऱ्या कमरेची माणसं बरी होत असतील तर कवटी पुसायला हरकत नसावी.

मग कंबरा दुखावतात कशाने? आमच्याच जिममध्ये पाहिलेलं सांगतो. स्पर्धेच्या मोठ्या प्लेटचा व्यास 45 सेंटिमीटर असतो, म्हणून बार जमिनीपासून साधारण साडेबावीस सेंटिमीटर वर राहतो. नवशिक्याला 10 किलोच्या छोट्या लोखंडी प्लेट लावून देतात. बार घोट्याशी जातो, माणूस त्याच्यामागे खाली जातो, पाठीची कमान होते आणि दोष मात्र डेडलिफ्टला. छोट्या प्लेटखाली दोन्हीकडे दोन लाकडी ठोकळे सरकवले असते तर निम्मी भांडणं मिटली असती. उरलेली निम्मी शेजारच्या पोराने 120 उचलले म्हणून आपणही उचलायच्या हौसेतून होतात. तिला कुठलाच व्यायामप्रकार जबाबदार नाही.

चौथा आक्षेप खरा तगडा. डेडलिफ्टने थकवा फार येतो आणि त्या मानाने स्नायूंची वाढ कमी होते. बहुतेक लोक वजन वर नेतात आणि मग खाली सोडून देतात; सावकाश उतरवताना स्नायूला जो ताण मिळतो तो वाया जातो. स्क्वॉटमध्ये आधी उतरावंच लागतं, म्हणून तिथे ती पळवाट नाही. हे मला मान्य आहे. मांड्या भरायच्या असतील, कुस्ती खेळायची असेल, उंच उडी मारायची असेल तर स्क्वॉटला तोड नाही. वय वीस असेल, रॅक मोकळा मिळत असेल आणि आठवड्याचे चार दिवस हाताशी असतील, तर दोन्ही करावेत. हा वाद तुमच्यासाठी नाहीच. पण मांडीचा घेर हा पंचवीस वर्षांच्या मुलाचा प्रश्न आहे. पन्नाशीच्या माणसाचा प्रश्न सिलिंडरचा आहे.

खंडन झालं, आता माझ्या बाजूचं. पहिला आणि खरा मुद्दा घरी काय होतं आणि काय होत नाही याचा आहे. स्क्वॉट म्हणजे बैठक, आणि बैठकेला लोखंड लागत नाही. घरी, गच्चीवर, चहा उकळेपर्यंत वीस बैठका होतात. त्या सोप्या वाटू लागल्या की पाण्याची कळशी छातीशी धरून करा, नाहीतर एक पाय मागे खुर्चीवर ठेवून करा. सामान्य माणसाला काही वर्षं पुरेल इतकी चढण त्यात आहे. कमरेतून वाकण्याचं तसं नाही. रिकाम्या हातांनी वाकून उभं राहिलात तर तो फार तर नमस्कार होतो. पाठीमागच्या स्नायूंना कामाला लावायला हातात वजनच हवं, आणि ते महिन्यागणिक थोडं वाढायला हवं. जिमचा महागडा तास जे घरी होत नाही त्याला द्यावा, हा साधा हिशेब आहे.

दुसरं, डेडलिफ्ट अडाण्यालाही सांभाळून घेते. वजन झेपलं नाही तर ते उचललंच जात नाही. सोडून द्या, पाणी प्या, घरी जा. स्क्वॉटमध्ये झेपत नाही हे तळाशी बसल्यावर कळतं, तेव्हा बार मानेवर असतो आणि मागे धरायला कुणी उभं आहे का हे मान वळवून पाहताही येत नाही. अमेरिकेत 1920 च्या दशकात जड स्क्वॉटचं वेड पसरवणारा जर्मन पहिलवान मिलो स्टाइनबॉर्न रॅकविना बार एका टोकावर उभा करायचा आणि त्याखाली शिरून तो खांद्यावर कलता करून घ्यायचा. तुम्ही-आम्ही स्टाइनबॉर्न नाही. आपल्याला रॅक हवा, आडवे दांडे हवेत, जोडीदार हवा.

तिसरं, त्यात स्वतःला फसवायला फार वाव नाही. स्क्वॉटमध्ये वजन वाढत जातं तसं माणूस दर महिन्याला दोन इंच कमी बसतो आणि वहीत मात्र प्रगती लिहितो. मी लिहिली आहे. डेडलिफ्टमध्ये बार एकतर जमिनीवर असतो नाहीतर हातात.

चौथं, हाडांचं. ऑस्ट्रेलियात रजोनिवृत्तीनंतर हाडं विरळ झालेल्या 101 स्त्रियांवरचा एक प्रयोग 2018 च्या सुमारास प्रसिद्ध झाला. त्यांतल्या एका गटाने 8 महिने, आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, देखरेखीखाली जड वजनं उचलली; त्यात डेडलिफ्ट होती, स्क्वॉटही होता. कमरेच्या मणक्यांची घनता वाढली. श्रेय एकट्या डेडलिफ्टला देणं अप्रामाणिकपणाचं होईल. पण "या वयात बायकांनी वाकून जड उचलू नये" हा घरोघरचा उपदेश या प्रयोगापुढे टिकत नाही.

करायचं काय, तर फारसं काही नाही. बार पायाच्या मधोमध, नडगीला जवळजवळ चिकटून. पुठ्ठे मागे ढकलत खाली जायचं, पाठ पाटासारखी, श्वास पोटात कोंडलेला. मग वजन ओढायचं नाही, पायांनी जमीन खाली दाबायची. पाच-पाचचे तीन सेट, आठवड्यातून एकदा किंवा दोनदा, दर वेळी अडीच किलो वाढवता आले तर वाढवायचे, नाही आले तर त्याच वजनावर थांबायचं. ज्यांच्या पायात मुंग्या येतात, कळ खाली उतरते, त्यांनी आधी डॉक्टर गाठावा. आणि घरी बैठका चालू ठेवाव्यात. बैठकांशी माझं भांडण नाही.

गेल्या आठवड्यात सरांशी पुन्हा वाद झाला. ते म्हणाले, "काका, तुम्ही काहीही म्हणा, स्क्वॉट हा व्यायामांचा राजा, आणि राजा तो राजा." आणि माझ्यापुढे स्क्वॉट मारून दाखवायला रॅककडे वळले. 20 किलोची प्लेट भिंतीला टेकून जमिनीवर उभी होती. सर गुडघे ताठ ठेवून, पाठीची कमान करून एका हाताने तिला उचलायला वाकले. मी म्हटलं, "सर, जरा थांबा. पुठ्ठे मागे."