नात्याचा पुरावा आणि न्यायालयीन थरारकथेचे सांत्वन

न्यायालयीन थरारकथेच्या समीक्षेत एक समजूत रूढ झालेली आहे. निरपराध माणसाला शिक्षा होते, न्यायसंस्था त्याच्याकडे पाठ फिरवते, कुटुंब मात्र त्याच्या पाठीशी उभे राहते. आणि या निष्ठेमुळेच खटल्याच्या रुक्ष कथानकाला 'मानवी आशय' लाभतो, अशी ही समजूत होय. जिम शेरिडन यांच्या 'इन द नेम ऑफ द फादर' (1993) या चित्रपटाचा गौरव बहुधा याच परिभाषेत केला जातो. हा मानवी आशय कोणत्या सत्याच्या मोबदल्यात मिळवला गेला, याचा हिशेब मात्र समीक्षा मांडत नाही.

5 ऑक्टोबर 1974 रोजी इंग्लंडमधील गिल्डफर्ड येथे मद्यगृहांत झालेल्या बॉम्बस्फोटांत 5 माणसे मृत्युमुखी पडली. जेरी कॉनलन व इतर तिघांना पोलीस कोठडीतील कबुलीजबाबांच्या आधारे 1975 मध्ये दीर्घ कारावासाची शिक्षा झाली. याच कबुलीजबाबांच्या वाटेने पोलीस जेरीची मामी ॲनी मॅग्वायर हिच्या लंडनमधील घरापर्यंत पोहोचले. मुलाच्या मदतीसाठी बेलफास्टहून आलेले जेरीचे वडील जुझेप्पे त्याच घरी उतरले होते. आले त्याच दिवशी तेही पकडले गेले. ॲनी, तिचा नवरा, दोन अल्पवयीन मुलगे, तिचा भाऊ, जुझेप्पे आणि एक स्नेही अशा सात जणांना नायट्रोग्लिसरीन हाताळल्याच्या आरोपावरून 1976 मध्ये शिक्षा झाली. धाकटा मुलगा अटकेच्या वेळी अवघा 13 वर्षांचा होता. जुझेप्पे 1980 मध्ये कैदेत असतानाच वारले. पहिल्या चौघांची शिक्षा 1989 मध्ये, तर या सात जणांची 1991 मध्ये रद्द झाली.

या घटनाक्रमात नात्याचे कार्य नेमके काय, हा खरा प्रश्न आहे. मुलासाठी धावून येणे हे बापाचे कर्तव्य. पण पोलिसांच्या वाचनात तेच कटातील सहभागाचे चिन्ह ठरले. मामीचे घर हे आश्रयाचे ठिकाण; पण त्या वाचनात तो बॉम्बचा कारखाना झाला. हातांवरील ज्या सूक्ष्म अंशांवरून सात जण दोषी ठरले, ते निर्दोष संपर्कातून, उदाहरणार्थ सामाईक टॉवेलवरूनही, आलेले असू शकतात, ही शक्यता पुढे मान्य करावी लागली. एका घरात राहणे, एकच टॉवेल वापरणे, ही कुटुंबाची अगदी साधी खूण. तीच पुराव्याच्या आसनावर बसवली गेली. आप्तभाव हे येथे अन्यायावरचे औषध नव्हते. अन्याय त्याच्याच नसांतून पसरला.

चित्रपट हे अजिबात दाखवत नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. वडिलांची व मामीची अटक त्यात आहे. परंतु त्याचा गुरुत्वमध्य अन्यत्र आहे. वास्तवात बाप-लेक एका कोठडीत कधीच नव्हते. चित्रपट त्यांना एका कोठडीत ठेवतो. वास्तवात दोन स्वतंत्र खटले चालले. चित्रपट त्यांचा एक खटला करतो. पहिल्या बदलाने राज्यसंस्थेचा अपराध बाप-लेकांच्या दुराव्याची आणि समेटाची पार्श्वभूमी होऊन बसतो. दुसऱ्याने एका कबुलीतून दुसरे कुटुंब कसे ओढले गेले, ही साखळीच पुसट होते.

याचे समर्थन ॲरिस्टॉटलच्या आधारे केले जाईल: इतिहास घडलेले विशिष्ट सांगतो, काव्य संभाव्य आणि सार्वत्रिक सांगते, मग तपशिलांचा आग्रह कशासाठी? हा युक्तिवाद त्याच्याच निकषावर कोसळतो. या प्रकरणातील सार्वत्रिक तत्त्व कोणते? भयग्रस्त राज्यसंस्था संशयिताच्या नात्यांनाच पुरावा मानू लागते, हे. त्याउलट बापाशी न पटणारा एक तरुण आणि त्याचे उशिरा झालेले परिवर्तन हा विशिष्टाचा प्रांत होय. म्हणजे सार्वत्रिकाच्या नावाने सार्वत्रिकच टाकून दिले गेले. फेरफार करण्याचा कलावंताचा अधिकार येथे विवाद्य नाही. फेरफार कोणत्या दिशेने झाला, हे विवाद्य आहे.

वाङ्मयप्रकाराची ती अपरिहार्य गरज होती, हा बचावही टिकत नाही. स्कॉट टुरो यांच्या 'प्रिझ्युम्ड इनोसंट' (1987) या कादंबरीत खुनाच्या खोट्या आरोपातून सुटलेला सरकारी वकील, खून आपल्या पत्नीने केल्याचे कळल्यावरही, मुलाची आई हिरावली जाऊ नये म्हणून गप्प राहतो. कुटुंबनिष्ठा येथे सांत्वन देत नाही. न्यायाशी तिचा उभा विरोध वाचकाच्या पदरात तसाच राहतो. निखळ लोकप्रिय कादंबरीला जे पेलले, ते गंभीर म्हणून गौरवलेल्या कलाकृतीला पेलणारच नव्हते, असे कोणत्या आधारावर म्हणायचे?

2005 मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी कॉनलन आणि मॅग्वायर कुटुंबांची जाहीर माफी मागितली. अन्याय कुटुंबांवर झाला होता, हे तेथे उशिरा का होईना शब्दांत आले. कुटुंबाकडे केवळ भावपूर्ण दिलाशाचा स्रोत म्हणून पाहणाऱ्या समीक्षेला अजून तेवढेही उच्चारता आलेले नाही. गहिवर हे मूल्यमापन नव्हे. तो कशामुळे आला आणि त्याने काय झाकले, हे विचारल्यावाचून समीक्षेचे काम सुरू होत नाही.