वाफेचे इंजिन: गुऱ्हाळावर की बॉयलरघरात?

गुऱ्हाळाच्या चुलवाणात चिपाड जळते, काहिलीत रस उकळतो, आणि शेजारचा चरक मात्र विजेच्या मोटारीवर नाहीतर डिझेलवर फिरतो. कऱ्हाड, वाळवा, शिराळा, पलूस या उसाच्या तालुक्यांत हे दृश्य पाहणाऱ्या तंत्रज्ञाला एक प्रश्न पडतोच. एवढी आग घरचीच आहे, तर तिच्यावर वाफ करून चरक का फिरवू नये? आधी वाफेने इंजिन ओढावे आणि इंजिनातून सुटलेल्या वाफेवर रस आटवावा. विजेचे बिल वाचेल, लाइट कधी येते याची वाट पाहावी लागणार नाही.

प्रश्न भाबडा नाही. रेठऱ्याचा कृष्णा, यशवंतनगरचा सह्याद्री, सांगलीचा वसंतदादा, साखराळ्याचा राजारामबापू हे कारखाने याच तत्त्वावर चालत आले आहेत. बॉयलरची वाफ आधी यंत्र फिरवते, मग उरलेल्या दाबावर रस तापवते आणि आटवते. साखरधंद्यात गिरणीचे रूळ फिरवायला पूर्वी आडव्या सिलिंडरची वाफेची इंजिने असत, मग टर्बाइन आली, आता बऱ्याच ठिकाणी विजेच्या मोटारी आहेत आणि कारखाने वीज विकू लागले आहेत. तेव्हा कारखान्याला जे जमते ते गुऱ्हाळाला का जमू नये, असे विचारणाऱ्याला हसून वाटेला लावणे योग्य नाही. त्याला हिशेब दाखवला पाहिजे.

वाफेचे छोटे इंजिन ‘वाफखाऊ’ म्हणून बदनाम आहे आणि ही बदनामी बरीचशी खरी आहे. म्हणून सुधारणेची चर्चा सिलिंडर आणि व्हॉल्व्हपासून सुरू होते. जुन्या साध्या इंजिनात स्लाइड व्हॉल्व्ह असतो. पालथ्या डबीसारखा हा लोखंडी तुकडा गुळगुळीत घासलेल्या सपाट पृष्ठावर मागेपुढे सरकतो. त्या पृष्ठात तीन खाचा असतात. दोन खाचा सिलिंडरच्या दोन टोकांना जातात, मधली वाफ बाहेर सोडते. डबीच्या कडा किती लांब ठेवल्या यावर पिस्टन धावेत कुठे असताना वाफ बंद होणार ते ठरते. वाफ धावेच्या शेवटपर्यंत येत राहिली तर ती पूर्ण दाबाने ढकलते आणि तशीच दाबासकट बाहेर जाते, म्हणजे तिच्यातले बरेच बळ वाया जाते. तीच वाफ पाव धावेवर बंद केली तर उरलेली पाऊण धाव ती प्रसरण पावत पिस्टन ढकलते. आदर्श गणितात तेवढ्याच वाफेतून सव्वादोन पटींहून अधिक काम मिळते.

प्रत्यक्षात इतके मिळत नाही, कारण सिलिंडरची भिंत आड येते. बाहेर जाणारी थंड वाफ भिंतीला आणि खाचांना गार करून जाते. पुढच्या धावेला ताजी वाफ त्याच खाचेतून आत येते, गार लोखंडाला लागते आणि तिचा काही भाग काम करण्याआधीच पाणी होऊन बसतो. वाफेच्या इंजिनातला हा सगळ्यात मोठा चोर. जॉर्ज कॉर्लिस याने १८४९ मध्ये सिलिंडरच्या प्रत्येक टोकाला आत येणाऱ्या वाफेचा व्हॉल्व्ह वेगळा आणि बाहेर जाणाऱ्या वाफेचा वेगळा ठेवला, तो या चोराला आळा घालण्यासाठीही होता. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बर्लिनच्या योहान श्टुम्फ यांनी वाफ टोकांकडून आत घेऊन सिलिंडरच्या मध्यावरच्या छिद्रांतून बाहेर काढली. वाफ एकाच दिशेने वाहते, गरम टोके गरम राहतात. हे ‘युनिफ्लो’ इंजिन त्या काळी एका सिलिंडरमध्ये मिळवलेली मोठी काटकसर होती.

तर मग गुऱ्हाळासाठी युनिफ्लो इंजिन बनवावे का? इथे हिशेब आपल्याला दुसरीकडेच नेतो.

तासाला एक टन ऊस गाळणारे गुऱ्हाळ धरू. चरकातून सुमारे ६०० किलो रस निघेल, त्याचा ११० किलोच्या आसपास गूळ होईल. म्हणजे तासाला जवळपास ४९० किलो पाणी उडवायचे. गार रस उकळीला आणण्याची उष्णताही धरली तर रस आटवायला ५५० किलोहून अधिक वाफ लागते. चरकाला २० हॉर्सपॉवर धरा. साधे स्लाइड व्हॉल्व्हचे इंजिन दर हॉर्सपॉवरला तासाला १८ किलो वाफ खाते असे मानले तर ३६० किलो झाले. उत्तम व्हॉल्व्हचे इंजिन ११ किलोवर भागवेल, म्हणजे २२० किलो. दोन्ही आकडे ५५० च्या आतच आहेत. इंजिनातून सुटलेली सगळी वाफ काहिलीला हवीच असते, वर आणखी थेट बॉयलरमधून द्यावी लागते. ज्याला आपण वाफखाऊ म्हणत होतो त्या इंजिनाने इथे काहीच वाया घालवले नाही. त्याने जी उष्णता वापरली नाही ती गुळाने वापरली. व्हॉल्व्ह सुधारून वाचवलेली वाफ शेवटी काहिलीलाच द्यायची असेल तर त्या सुधारणेसाठी पैसे घालण्यात गुऱ्हाळवाल्याचा फायदा जवळजवळ नाही.

युनिफ्लोची आणखी एक अडचण आहे. ते शोभते ते कंडेन्सर जोडून, म्हणजे सुटणारी वाफ जवळजवळ निर्वातात जात असेल तेव्हा. गुऱ्हाळाला सुटलेल्या वाफेतही (चौरस सेंटिमीटरला) एक किलो दाब हवा, कारण तिचे तापमान १२० अंशांच्या आसपास असेल तरच शंभरच्या पुढे उकळणाऱ्या रसाला ती पुरेशा वेगाने उष्णता देईल. इतक्या दाबावर युनिफ्लोची मधली छिद्रे झाकली गेली की आत अडकलेली वाफ परत फिरणाऱ्या पिस्टनखाली फार दाबली जाते. मग जादा जागा ठेवा किंवा वेगळे व्हॉल्व्ह लावा, आणि मूळ साधेपणा गेलाच. गूळ तयार होताना पाक ११८ अंशांच्या घरात जातो. त्या शेवटच्या टप्प्याला सुटलेली वाफ उपयोगी पडत नाही. तिथे थेट बॉयलरची वाफ लागेल, नाहीतर चुलवाण ठेवावेच लागेल, आणि गुळव्याची नजर तर कोणत्याही यंत्राने सुटत नाही.

आता पैशाची बाजू. २० हॉर्सपॉवर म्हणजे साधारण १५ किलोवॉट. युनिटला १० रुपये धरले तरी टनाला १५० रुपयांची वीज. दिवसाला दहा टन ऊस गाळला तर दीड हजार रुपये वाचतील. त्या दीड हजारात बॉयलरचे व्याज, पाणी मऊ करण्याचा खर्च, नळ्यांची सफाई, इंजिनाची देखभाल आणि प्रमाणपत्रधारक बॉयलर अटेंडंटचा पगार बसवायचा आहे, तेही वर्षातले पाच-सहा महिने चालणाऱ्या धंद्यात. पंचवीस लिटरहून जास्त मावणारा आणि दाबाखाली वाफ देणारा बॉयलर कायद्याच्या कक्षेत येतो. १९२३ च्या कायद्याच्या जागी संसदेने २०२५ मध्ये नवा कायदा केला आहे, आणि राज्यात बाष्पके संचालनालयाची तपासणी असतेच. ती जाचक म्हणून टाळण्याची भाषा कुणी करू नये. मळ्यातल्या छपराखाली, जिथे बायका-पोरे वावरतात, तिथे सात किलो दाबाचे पिंप तपासणीविना ठेवणे हा गुन्हा आहे, कायद्याने आणि माणुसकीनेही.

दुसरी बाजू पूर्ण मांडायची तर वाफेवरच्या गुळाचे खरे फायदे इंजिनात नसून वाफेत आहेत. काहिलीचा तळ जळत नाही, आच हवी तशी कमी-जास्त करता येते, धुराचा त्रास एका धुराड्यापुरता राहतो, चुलवाणाच्या तोंडाशी तासन्‌तास बसणाऱ्या माणसाचे हाल थांबतात. शेतकरी उत्पादक कंपनीने चार-पाच गुऱ्हाळांचा ऊस एकत्र करून वाफेवरचा स्वच्छ गूळ करायचे ठरवले तर ती योजना विचारात घेण्याजोगी आहे, आणि त्या बॉयलरवर एक साधे स्लाइड व्हॉल्व्हचे इंजिन बसवणे हा तिचा स्वाभाविक भाग ठरेल. एकट्या गुऱ्हाळवाल्याने मात्र विजेची मोटर काढून वाफेच्या मागे लागू नये, असेच आमचे मत आहे.

मग सिलिंडर-व्हॉल्व्हच्या सुधारणेला या भागात जागाच नाही? आहे, आणि ती चुलवाणापेक्षा बॉयलरघरात आहे. दूध प्रकल्प, आसवन्या, यंत्रमागांच्या सुताला खळ लावणारे साइझिंगवाले, फळांवर प्रक्रिया करणारे यांच्याकडे बॉयलर आधीच आहेत, परवाने आहेत, अटेंडंट आहेत, आणि त्यांतल्या पुष्कळांचे काम वर्षभर चालते. बॉयलर १० किलोवर चालतो, कामाला वाफ ३ किलोची लागते. मधला दाब उतरवायला प्रेशर रिड्यूसिंग व्हॉल्व्ह बसवलेला असतो. या व्हॉल्व्हच्या अरुंद तोंडातून वाफ गळा दाबल्यासारखी बाहेर पडते आणि सात किलोचा फरक कोणतेही काम न करता संपतो.

त्या जागी पिस्टन इंजिन बसवले तर? तासाला २ टन वाफ १० किलोवरून ३ किलोवर आणताना बऱ्यापैकी इंजिनातून साधारण ५० किलोवॉट वीज मिळू शकते. ती फुकट नाही. वाफेतून जेवढे काम काढले तेवढी उष्णता परत भरावी लागते, म्हणजे इंधन सुमारे ४ टक्के वाढेल. पण ते इंधन जवळजवळ पूर्णच विजेत उतरते, आणि इतका चांगला सौदा नुसती वीज करणाऱ्या कोणत्याही औष्णिक यंत्रात मिळत नाही. रोज दहा तास आणि वर्षाला ३०० दिवस धरले तर दीड लाख युनिट झाले. युनिटला ८ रुपये धरून १२ लाखांची वीज.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला टर्बाइनचा. मोठ्या यंत्रात टर्बाइनला तोड नाही, पण शंभर किलोवॉटच्या खाली एक टप्प्याचे छोटे टर्बाइन कार्यक्षमतेत फार मागे पडते, आणि वाफेची मागणी निम्म्यावर आली की आणखीच. दूध प्रकल्पात मागणी दर तासाला बदलते. पिस्टन इंजिन व्हॉल्व्हची वेळ बदलून ती चढ-उतार सोसते. जर्मनीतल्या श्पिलिंग कंपनीने नेमक्या याच कामासाठी वाफेची पिस्टन इंजिने आजच्या काळातही बनवली आहेत. दुसरा आक्षेप सौरऊर्जेचा, आणि तो मला अधिक बोचतो. छपरावर पत्रे टाकल्यासारखे पॅनल टाकले की काम संपते, ना तेल ना फिटर. एवढेच म्हणता येईल की ५० किलोवॉटचे पॅनल वर्षाला सत्तर-पंचाहत्तर हजार युनिट देतात, वर हिशेब केलेल्या इंजिनाच्या निम्मे, आणि पहाटे दूध येते तेव्हा ते झोपलेले असतात. ज्याच्याकडे छप्पर मोकळे आहे त्याने आधी सौर घ्यावे. इंजिनाचा विचार त्यानंतर.

मुख्य म्हणजे इथल्या इंजिनाला हवी असलेली सुधारणा पाठ्यपुस्तकातल्या काटकसरीची नाही. सुटलेली वाफ वापरली जाणारच आहे, तेव्हा व्हॉल्व्ह थोडा गळला तरी उष्णता जात नाही, वीज तेवढी कमी मिळते. खरी परीक्षा तीन गोष्टींची आहे. पहिली पाण्याची. छोट्या बॉयलरची वाफ ओली असते. सिलिंडरमध्ये पाणी साचले तर स्लाइड व्हॉल्व्ह आपल्या बैठकीवरून उचलला जाऊन पाण्याला वाट देतो. दट्ट्यासारख्या सरकणाऱ्या पिस्टन व्हॉल्व्हला ही सोय नाही, त्याला वेगळे रिलीफ व्हॉल्व्ह लागतात, नाहीतर झाकण फुटते. उलट स्लाइड व्हॉल्व्हवर वाफेचा सगळा दाब पाठीमागून बसतो, त्यामुळे तो घासतो आणि १० किलोवर लवकर झिजतो. मध्यम दाबाला, अर्धप्रशिक्षित हातांत, स्लाइड व्हॉल्व्ह क्षमाशील आहे. झिजला तरी गावचा फिटर नीळ लावून, स्क्रेपरने खरडून त्याची बैठक सरळ करू शकतो. वाढत्या दाबाला पिस्टन व्हॉल्व्ह घ्यावा लागेल. दुसरी परीक्षा तेलाची. जुन्या इंजिनात सिलिंडरचे तेल वाफेबरोबर बाहेर जाते. ते दुधाच्या कामाला चालणार नाही, आणि बॉयलरमध्ये परतणाऱ्या पाण्यात आले तर नळ्यांवर थर धरून त्या जाळेल. म्हणून तेलाविना चालणाऱ्या कार्बनच्या किंवा टेफ्लॉनमिश्रित रिंगा आणि त्यांना साजेसा गुळगुळीत लायनर हा या संशोधनाचा गाभा असायला हवा. तिसरी परीक्षा सुट्या भागांची. ते इथेच मिळाले पाहिजेत.

इथे मात्र सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांचे पारडे जड आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली आणि लोखंडी नांगराबरोबर उसाचे चरकही केले. धनजीशा कूपर यांनी १९२२ च्या सुमारास सातारा रोडला कारखाना काढला आणि पुढे तिथे डिझेल इंजिने बनली. सिलिंडर लायनर ओतणे आणि घासणे हे साताऱ्यातल्या कामगाराला नवे नाही. मिरज, कुपवाड, पलूसच्या फाउंड्रींत पंपाचे आणि व्हॉल्व्हचे ओतीव काम रोज निघते. सांगलीचे वालचंद महाविद्यालय १९४७ पासून आणि कऱ्हाडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० पासून अभियंते घडवत आहेत. वाफेचे इंजिन या लोकांच्या आवाक्यातले यंत्र आहे. त्याला सेमीकंडक्टर आयात करावे लागत नाहीत.

तरी महाविद्यालयांनी पन्नास इंजिनांची योजना आखू नये. एक इंजिन, एक बॉयलरघर, एक वर्ष. कुण्या दूध प्रकल्पाने रिड्यूसिंग व्हॉल्व्ह जागीच ठेवून त्याला समांतर इंजिन बसवू द्यावे, म्हणजे इंजिन बंद पडले तरी पाश्चरायझर थांबणार नाही. दर महिन्याला परतणाऱ्या पाण्यातले तेल, रिंगांची झीज, वाफ टनामागे किती युनिट देते आणि इंधन किती वाढले हे मोजून सगळे आकडे, पडलेलेही, छापावेत. वर्षभरात पाण्यात तेल दिसू लागले तर दूध प्रकल्पाचा नाद सोडून साइझिंगकडे वळावे, कारण तिथला माल अन्नाचा नाही.