सुपरवायझरचा उत्पादनखर्च कोण धरणार?



मुरुम, येणेगूर, आलूर या पट्ट्यात कुणालाही विचारा, पोरगा काय करतो? "पुण्याला सुपरवायझर आहे." हे बाप मान वर करून सांगतो. पगाराचा आकडा मात्र हळू आवाजात. कारण ज्या मिस्त्रीच्या कामावर पोरगा लक्ष ठेवतो, त्याची महिन्याची हजेरी पुष्कळदा पोराच्या पगारापेक्षा जास्त भरते. मिस्त्रीला जादा मिळते असे माझे म्हणणे नाही. त्याने ते भांडून मिळवले आहे.

आपण तुरीचा, सोयाबीनचा खर्च काढतो तसा या पगाराचा काढू. समजा १८,००० ठरले. साइट सकाळी आठला सुरू, स्लॅबच्या दिवशी मध्यरात्र, महिन्यात सुट्ट्या दोन. रोजचे सरासरी बारा तास धरले तरी ३३६ तास होतात. तासाला पडले ५४ रुपयेसुद्धा नाहीत. यातून खोलीभाडे, डबा, गाडीचे पेट्रोल. डिप्लोमाची फी तर बापाने आधीच भरलेली, बहुधा कर्ज काढून. आणि दर दोन महिन्यांनी मुरुमहून ज्वारीचे पोते आणि तुरीची डाळ एसटीने जाते, तिची किंमत कोण धरतो? घरच्यांची मजुरी पिकाच्या खर्चात धरा म्हणून आपण इतकी वर्षे बोंबलतो. इथे तर आपले धान्य बिल्डरच्या पगारपत्रकात फुकट जिरते आहे.

कायद्याचेही ऐका. बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली कायदा झाला. त्यात देखरेखीचे काम करणाऱ्याचा पगार महिना १,६०० रुपयांवर गेला की तो बांधकाम कामगार उरत नसे. मिस्त्रीची कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी होई, सुपरवायझर बाहेर. औद्योगिक विवाद कायद्यातही रेषा १,६०० चीच होती; ती २०१० साली १०,००० झाली आणि नव्या औद्योगिक संबंध संहितेत १८,०००. म्हणजे १८,००१ रुपये मिळाले की पोरगा साहेब! साहेबाला ना संघटना, ना ओव्हरटाइम मागायची हिंमत.

पण २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत एक गोष्ट आपल्या कामाची आहे. किमान वेतन आता सुपरवायझरलाही लागू आहे, पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यायचा आहे, आणि नोकरी सोडली किंवा काढले तर दोन कामाच्या दिवसांत हिशेब पुरा करायचा आहे. "बिल निघाले की देतो" हे ठेकेदाराचे पालुपद आता चालायचे नाही. अर्थात, मागणारा हवा.

देखरेख हे हलके काम नव्हे हे आपल्याला कुणी शिकवायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूर भागात माती-दगडाच्या भिंतींखाली हजारो माणसे गेली. नंतरच्या बांधकामात पट्टा, सळई, पाणी मारणे हे शब्द आपल्या बायाबापड्यांच्याही तोंडी बसले. सळईचे अंतर मोजणारा माणूस अर्धपोटी आणि झोपेविना ठेवून कुणाच्या डोक्यावर स्लॅब टाकताय, हे शहरवाल्यांनीही विचारायला हवे.

जिल्हा बैठकीला येताना ज्यांची पोरे साइटवर आहेत त्यांनी नियुक्तीपत्र आणावे. नसेल तर पगार जमा झालेले पासबुक, आणि पोराने रोजचे तास लिहिलेली वही. ती वही आजपासून सुरू करायला सांगा.