बॅटरी भाराखाली तपासा

परवा मैदानावर एका पोराच्या रिमोटच्या विमानाची बॅटरी हातात घेतली, तर तिचं पाकीट मधोमध फुगलेलं. मीटर सेलमागे 4.2 व्होल्ट दाखवतोय म्हणून गडी उडवायला निघाला होता! अशी बॅटरी कितीही महागाची असो, ती बादच करायची. लिथियम-पॉलिमरची खोडच ही: नुसती पडून असताना ठणठणीत दिसते आणि मोटरने जोर मागितला की व्होल्टेज कोसळतं, कारण जुन्या सेलचा अंतर्गत रोध वाढलेला असतो. एकटी मोटर बंद पडली तर विमान तरंगत उतरवता येतं. पण रिसीव्हरचीच वीज गेली की सर्व्हो आहेत तिथे थिजतात. दोन किलोचं विमान वेगात खाली येतंय आणि त्याला वळवणारं कुणीच नाही. म्हणून मोठ्या विमानात रिसीव्हरला स्वतंत्र बॅटरी हवीच, आणि तीही भार देऊनच तपासलेली. शिवाय रविवारी उडवायचं म्हणून सोमवारीच पूर्ण चार्ज करून ठेवू नका, मंडळी. सेलमागे साधारण 3.8 व्होल्टवर ठेवा आणि निघायच्या आधी चार्ज करा.