जुने शेती ऑफिस पाडू नये, असे आम्हांस वाटते



ऊस विकास अधिकाऱ्याने बेणे, लावण आणि खोडव्याबद्दल लिहावे, इमारतींच्या भानगडीत पडू नये, असे कोणी म्हणेल. म्हणू द्या. येत्या वार्षिक सभेपुढे गेटजवळचे जुने शेती ऑफिस पाडून गाडीतळ वाढवण्याचा विषय येणार आहे, आणि आम्ही निम्मी नोकरी त्याच कौलांखाली काढली आहे. गप्प बसवत नाही.

गेल्या उन्हाळ्यात लग्नकार्यासाठी कुळगावास जाणे झाले. आपल्याकडची कितीतरी पोरे नोकरीपायी तिकडे कुळगाव-बदलापूरला राहिली आहेत. कल्याणहून लोकलने निघाले की आधी उल्हासनगर लागते, मग अंबरनाथ. उल्हासनगर म्हणजे मुळात दुसऱ्या महायुद्धातली लष्कराची छावणी. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिथल्या बराकींत आसरा मिळाला आणि १९४९ साली त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव पडले. शिपायांसाठी बांधलेल्या बराकींत चुली पेटल्या, पाळणे हलले. परतीच्या प्रवासात आमच्या मनात तेच घोळत होते. बराकीचे घर होते, तर शेती ऑफिसाचे दुसरे काही होणार नाही काय?

लांब कशाला, आपल्या कोल्हापूरचा टाऊन हॉल घ्या. सी.पी.आर. दवाखान्यात पेशंटला भेटायला आपण जातो, आणि समोरच्या बागेत झाडाखाली बसून भाकरी खातो. त्या बागेतली टोकदार शिखरांची इमारत आपण बाहेरूनच बघतो. आत किती जण गेले असतील? आम्ही स्वतः डिप्लोमाला असताना शंभरदा तिच्यावरून गेलो, आत गेलो ते नोकरी लागल्यावर, तेही पावसाने अडवले म्हणून!

ही इमारत १८७२ ते १८७६ या काळात उभी राहिली. आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. नवा राजवाडाही त्यांच्याच आराखड्याचा. नावाप्रमाणे हा हॉल सभा-समारंभांसाठी. त्यात पुढे म्युझियम होईल हे बांधणाऱ्यांच्या स्वप्नातही नसणार. मग १९४५-४६ साली पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीच्या टेकाडावर डॉ. सांकळिया आणि डॉ. दीक्षित यांनी उत्खनन केले. मातीखाली सातवाहन काळातली पक्क्या विटांची घरे निघाली. ब्रह्मपुरीच्याच वस्तूंत पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची काशाची मूर्ती आहे, वीतभरसुद्धा उंच नाही. समुद्र कुठे, पंचगंगा कुठे! पण त्या काळी रोमन जहाजे कोकणच्या बंदरांना लागत आणि त्यांचा माल घाट चढून इथवर येई, याचा तो पुरावा. या वस्तू ठेवायच्या कुठे, म्हणून १९४६ साली कोल्हापुरात म्युझियम सुरू झाले आणि पुढे ते टाऊन हॉलमध्ये आले. शस्त्रे आली, आबालाल रहिमान यांची चित्रे आली. इमारत सत्तर वर्षे आधी बांधलेली आणि शाबूत होती, म्हणून सोय झाली. मधल्या काळात कोणी तिचे दगड विकून मोकळा झाला असता तर?

आता आपल्या ऑफिसाचे. टाऊन हॉलशी त्याची बरोबरी नाही, हे आम्हांस कळते. चार खोल्या, पुढे पडवी, आणि पावसाळ्यात बादल्या ठेवाव्या लागतात. हंगामात गाडीतळ अपुरा पडतो, ट्रॅक्टर रस्त्यावर उभे राहतात, हेही खरे. पण गाडीतळ मागच्या मोकळ्या जागेकडेही वाढवता येईल. चार पैसे जास्त लागतील, इतकेच.

त्या खोल्यांत ऊसनोंदीची जुनी रजिस्टरे आहेत. कोणत्या शिवारात कधी को ४१९ होता, को ७४० कधी आला, को ८६०३२ ने त्याला कसा मागे सारला, हे गटवार लिहिलेले आहे. कागदाला वाळवी लागू लागली आहे. पहिल्या सभासदांचे अंगठे त्यातच आहेत. आमच्या एका तरुण सहकाऱ्याने विचारले, "साहेब, हे आता कॉम्प्युटरवर आहे ना?" नाही बाबा, जुने काहीच नाही.

आणखी एक सांगायचे आहे, थोडे लाजेचे. आमच्या आजोबांचा बैलाचा लोखंडी चरक गोठ्याशेजारी पडून होता. गुऱ्हाळ बंद होऊन वर्षे झाली, कडेने गवत माजले, त्यात साप निघाला. आम्हीच भंगारवाल्याला बोलावून तो किलोवर घातला. आजोबा ओसरीवर बसून बघत होते, एक शब्द बोलले नाहीत. परवा मुलाने शाळेसाठी विचारले, चरक कसा असतो? आम्ही वहीवर चित्र काढून दाखवले. ते धड जमले नाही.

म्हणून आमची सभेला विनंती आहे की पाडण्याचा ठराव एक वर्ष पुढे ढकलावा. तेवढ्यात कौले बदलून, वाळवीचे औषध मारून दोन खोल्यांत ही रजिस्टरे आणि गुऱ्हाळाचे सामान लावून दाखवतो. ज्यांच्या परड्यात चरक, काहील, मोट किंवा जुना लोखंडी नांगर पडून असेल त्यांनी आपल्या गटाच्या चिटबॉयकडे चिठ्ठी द्यावी. आणायला ट्रॉली आम्ही पाठवू.