डब्यात दांडी आहे, घरात नाही

गेल्या रविवारी आमच्या सोसायटीची पुनर्विकासाची सभा झाली. गच्चीवर मांडव, भाड्याच्या खुर्च्या, पडद्यावर नव्या टॉवरची चित्रं. कार्पेट एरियावर दीड तास गेला, पार्किंगवर पाऊण तास. मग बिल्डरच्या माणसाने नमुन्याचं न्हाणीघर दाखवलं. खाली पांढरी चकचकीत फरशी, भिंतीला तीच, मध्ये काचेचा आडोसा, वर ताटाएवढा शॉवर. हाताने धरावं असं त्यात काहीही नव्हतं. मी उठून विचारलं, "कमोडशेजारी आणि शॉवरपाशी दांडी कुठे आहे?" तो अगदी सौजन्याने म्हणाला, "मॅडम, ते आम्ही सीनियर सिटिझन प्रोजेक्टमध्ये देतो. इथे लावलं तर हॉस्पिटलसारखं दिसेल."

माझ्या पुढच्या दोन रांगांत अठरा माणसं बसली होती. त्यातल्या सात जणांच्या हातात काठी होती.

त्या दिवशी मला नीट बोलता आलं नाही, घसा दाटून आला. म्हणून आज लिहिते.

आई न्हाणीघरात पडली आणि तिचा खुबा मोडला, ही गोष्ट मी पूर्वी लिहिली आहे, ती पुन्हा सांगत नाही. एक मात्र तेव्हा लिहवलं नव्हतं. ती पडली तेव्हा तिच्या हातात टॉवेल लटकवायचा रॉड होता. पाय सरकला आणि माणूस करतो तेच तिने केलं, जे हाताशी होतं ते धरलं. रॉड दोन्ही टोकांच्या रॉल प्लगसकट भिंतीतून बाहेर आला. तो मी इतके दिवस कपाटात ठेवला होता. पोकळ नळी, नखाने चेपेल इतका पातळ पत्रा, आणि टोकाला करंगळीच्या पेरापेक्षा लहान दोन पिवळे प्लास्टिकचे प्लग. त्यांच्या खाचांत भिंतीची पांढरी भुकटी अजून आहे. एक ओला टॉवेल पेलण्यासाठी केलेली ती वस्तू होती आणि तिच्यावर आईने बावन्न किलो टाकले. चूक आईची नव्हती. धरायला तिथे दुसरं काही नव्हतं.

सभेनंतर दोनच दिवसांनी, मंगळवारी, कामासाठी नाशिकला गेले. कसारा सुटलं, गाडी घाटात शिरली आणि मला नेमकं तेव्हाच उठावं लागलं. डबा दुसऱ्या वर्गाचा. संडासाचं दार लावलं आणि हात आपोआप दांडीवर गेला. त्या दांडीकडे मी आयुष्यात पहिल्यांदा नीट पाहिलं. स्टीलची, मुठीत बरोबर मावेल इतक्या जाडीची, दोन्ही टोकं वाकवून भिंतीला पट्ट्यांनी आवळलेली. भिंत आणि दांडी यांच्यात बोटं सहज जातील इतकी फट. मधला भाग हजारो हातांनी घासून उजळ झालेला, टोकांना मात्र मळ धरलेला. गाडी वळण घेत होती, मी एका हाताने पर्स आणि एका हाताने ती दांडी धरून उभी होते, आणि मला रविवारचं 'हॉस्पिटलसारखं' आठवलं.

रेल्वेच्या संडासातली दांडी हॉस्पिटलसारखी दिसते असं मी आजवर कोणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. सुट्टीवर घरी निघालेला जवान ती धरतो, कडेवर मूल घेतलेली बाई धरते, कॉलेजची पोरं धरतात. ती धरली म्हणून कोणी म्हातारं ठरत नाही. ती दांडी त्या खोलीची आहे, जशी कडी आणि नळ त्या खोलीचे आहेत. इथे येणाऱ्याला तोल सांभाळावा लागणार, हे डबा बांधणाऱ्याने आधीच धरून चाललेलं आहे. एसटीच्या दारात उभी दांडी असते तीही याच हिशेबाने. लोकलमध्ये डोक्यावर कड्यांची रांग असते, दारात मधोमध खांब असतो. काही रुपयांच्या तिकिटात आपल्याला हे सगळं मिळतं. कोटीच्या पुढे किंमत गेलेल्या घरात, जिथे माणूस साबणाच्या पाण्यात, अनवाणी, अनेकदा अर्धवट झोपेत एका पायावर उभा राहतो, तिथे भिंती कोऱ्या असतात.

गाडी हलते, घर हलत नाही, असं कोणी म्हणेल. सत्तरीच्या माणसाला विचारा. रात्री तीनला लघवीला उठताना अंथरुणातून झटकन उभं राहिलं की रक्तदाब खाली येतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. रक्तदाबाच्या गोळ्या, प्रोस्टेटच्या काही गोळ्या हे आणखी वाढवतात. कढत पाण्याच्या आंघोळीने रक्तवाहिन्या सैल होतात, म्हणून आंघोळ संपवून उठण्याचा क्षण नाजूक. मांडीचे स्नायू उतरलेले असतात, त्यामुळे कमोडवर बसताना शेवटचे चार इंच माणूस बसत नाही, पडतो. उठताना तेच चार इंच डोंगरासारखे होतात. या वयात डबा माणसाच्या अंगातच हलत असतो. कसाऱ्याचा घाट काही किलोमीटरांत संपतो, हा घाट वीस वर्षं चालतो.

घराघरांतून मला एकच वाक्य ऐकू येतं: "बाबा ऐकतच नाहीत, म्हणतात मी काय एवढा म्हातारा झालो?" बाबांवर रागावण्यात अर्थ नाही. आपण दांडी आणतो ती पडल्यानंतर, डिस्चार्जच्या दिवशी, औषधांच्या पिशवीबरोबर. म्हणजे ती घरात येते तीच आजाराची बातमी होऊन. ज्या भिंतीवर काल काही नव्हतं तिच्यावर आज दांडी आली, आणि ती फक्त त्यांच्यासाठी. कोणाला आवडेल? तीच दांडी घर बांधतानाच आली असती, नातवंडांनी तिला धरून पाय धुतले असते, सुनेने बाळंतपणानंतर धरली असती, पाय मुरगळलेल्या मुलाने धरली असती, तर बाबांनीही न बोलता धरली असती. रेल्वेत ते धरतातच की.

आपल्याकडे ही जाण नव्हती असंही नाही. जुन्या वाड्यात माळ्यावर जाणाऱ्या अरुंद, उभ्या जिन्याशी वरून दोर सोडलेला असायचा. त्याला कोणी म्हाताऱ्यांचा दोर म्हणत नव्हतं, घरातला प्रत्येक जण तो धरूनच चढायचा. न्हाणीत टाकी लावलेला खरखरीत दगड असायचा आणि आंघोळ पाटावर बसून, तांब्याने व्हायची. आज डॉक्टर सांगतात, म्हाताऱ्या माणसाने बसून आंघोळ करावी. आपण पिढ्यान् पिढ्या बसूनच करत होतो, शॉवरने आपल्याला उभं केलं. पाट आता चालत नाही, कारण चार इंचांवरून उठणं गुडघ्यांना झेपत नाही. पण त्याच पाटाची उंची सोळासतरा इंच केली, त्याला रुंद पाय आणि खाली रबरी बूट दिले, की झाली आंघोळीची खुर्ची. तिला परकं मानायचं कारण नाही.

त्या खरखरीत दगडाच्या जागी आपण गुळगुळीत फरशी आणली, असं मी मागे लिहिलं होतं. तेव्हा काही वाचकांना मी फरशीवाल्यांच्या मागे हात धुऊन लागले आहे असं वाटलं. लागलेच आहे. न्हाणीघरात गुळगुळीत, चमकदार फरशी विकणं आणि बसवणं यांचा मला राग येतो आणि तो जाणार नाही. माझ्याकडे आकडे नाहीत. गेल्या दहा वर्षांत ओळखीच्या घरांतून खुबे मोडल्याच्या जेवढ्या बातम्या आल्या तेवढा माझा पुरावा. खरखरीत, मॅट फरशी त्याच दुकानात, बहुधा त्याच भावात मिळते. ती निवडली जात नाही, कारण ती फोटोत चमकत नाही.

बाजारात मिळणाऱ्या वस्तूंबद्दल थोडक्यात सांगते. व्हॅक्यूमने चिकटणारे हँडल घेऊ नका. फरशीच्या सांध्यावर ते धरत नाही, आणि गुळगुळीत फरशीवर धरलं तरी कधी सुटेल सांगता येत नाही. ज्यावर पूर्ण भार टाकता येत नाही असा आधार नसलेलाच बरा, कारण नसला तर माणूस निदान सावध असतो. देशी भांड्यावर ठेवायचा हलका प्लास्टिकचा कमोड स्टूल ओल्या जमिनीवर सरकतो. घ्यायचाच तर लोखंडी चौकटीची, रबरी बूट असलेली कमोड खुर्ची घ्या, आणि बूट झिजले की लगेच बदला. खुब्याचा सांधा बदललेल्या माणसाला सुरुवातीचे काही आठवडे अनेक डॉक्टर काटकोनापेक्षा जास्त वाकू नका म्हणतात. आपले नेहमीचे कमोड पंधरासोळा इंचांचे, त्यांवर हे पाळणं अवघड जातं. वर बसवायचं चार इंचांचं उंच सीट तेव्हा ऑपरेशनच्या आधी घरात हवं.

आता सरकार. राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना आहे, फेब्रुवारी २०२४च्या शासन निर्णयाची. वय ६५ पूर्ण आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असेल तर खात्यात एकदाच ३,००० रुपये येतात. चष्मा, श्रवणयंत्र, वॉकर, कंबरेचा पट्टा यांच्याबरोबर यादीत कमोड खुर्चीही आहे, आणि ती ज्याने यादीत घातली त्याचे मी मनापासून आभार मानते. पण अशी यादी हातात उचलून नेता येणाऱ्या वस्तूंचीच होते. भिंतीतली दांडी म्हणजे गवंडीकाम, आणि गवंडीकामाला अशा यादीत जागा नसते. जपानमध्ये २००० सालापासून काळजी विमा आहे. ज्या माणसाला काळजीची गरज आहे असं ठरतं, त्याच्या घरात दांड्या बसवणं, उंबरा काढणं, निसरडी जमीन बदलणं, दार सरकतं करणं, बसक्या भांड्याच्या जागी कमोड आणणं अशा कामांना २ लाख येनपर्यंतचा खर्च विम्यात धरतात आणि त्यातला मोठा वाटा विमा उचलतो. तिथे भिंतीलाही उपचाराचा भाग मानलं आहे.

आपल्याकडे महारेराने मे २०२४मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी किमान निकष बंधनकारक केले. न घसरणारी फरशी, न्हाणीघरात आधाराच्या दांड्या, किमान ९०० मिलिमीटर रुंदीचं दार. चांगलं केलं. पण हे ज्येष्ठांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या इमारतींना लागू आहे, आणि म्हातारी माणसं राहतात कुठे? आमच्या इमारतीत. तुमच्या इमारतीत. मुलाच्या टूबीएचकेच्या आतल्या खोलीत. आमच्या न्हाणीघराचं दार मी टेपने मोजलं, चौकटीच्या आत साडेचोवीस इंच. आईची व्हीलचेअर पंचवीस. अर्ध्या इंचासाठी तीन महिने तिला आम्ही दोघींनी उचलून आत नेलं. आणि हे दार आत उघडतं, म्हणजे आत पडलेला माणूस दाराला आडवा आला तर बाहेरच्याला ते ढकलता येत नाही. आई पडली त्या दिवशी मी बाहेरून दार ढकलत होते आणि ते तिच्याच पाठीला लागत होतं.

म्हणून सोसायटीच्या कमिटीला पत्र दिलं आहे. प्रत्येक घराच्या एका तरी न्हाणीघराचं दार तीन फुटांचं आणि बाहेर उघडणारं किंवा सरकतं असावं. आतली फरशी मॅट असावी. कमोडच्या बाजूला आणि आंघोळीच्या जागी दांडी द्यावी: सव्वा ते दीड इंच जाडी, भिंतीपासून दीड इंच फट, निदान ११० किलो भार घेईल अशी. आणि याहून महत्त्वाचं, आतल्या भिंती सिपोरेक्सच्या ठोकळ्यांच्या होणार असतील तर दांडीच्या जागी बांधतानाच काँक्रीटचा ठोकळा घालावा, कारण सिपोरेक्समध्ये साधा स्क्रू भार पेलत नाही. आज ज्याला दांडी नको त्याने लावू नये, ठोकळा मात्र भिंतीत असावा. दांडीची उंची पुस्तकातून घेऊ नये. माणसाला कमोडवर बसवावं, हात पुढे करायला सांगावं आणि तिथे पेन्सिलने खूण करावी. आईच्या वेळी आमच्या प्लंबरने पुस्तकाप्रमाणे लावली असती तर ती तिच्या खांद्याशी आली असती.

पत्र ऑफिसात वॉचमनच्या टेबलावर ठेवलं आहे, शेजारी तो टॉवेल रॉडही ठेवला आहे, प्लगसकट. काल संध्याकाळपर्यंत एकोणीस सह्या झाल्या होत्या. दुसऱ्या मजल्यावरचे काका, जे सभेत पार्किंगवर सगळ्यात जास्त बोलले होते, त्यांनी रॉड हातात घेऊन वाकवून पाहिला, सही केली आणि विचारलं, "तुमचा प्लंबर उद्या मोकळा आहे का? नवीन इमारत व्हायला चार वर्षं लागतील."

प्लंबर उद्या सकाळी दहाला त्यांच्याकडे येतोय.