रकाना नसलेली नोंद

आचोळ्यातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये एक सिस्टर राहतात. मुंबईतल्या हॉस्पिटलात ड्युटी, रोजची विरार लोकल. परवा जिन्यात भेटल्या. "ओव्हर द्यायला पाऊण तास लागला, गाडी गेली."

ओव्हर म्हणजे पाळी संपताना पुढच्या सिस्टरला वॉर्ड सोपवणं, एकेका खाटेशी उभं राहून. सलाइन किती उरलं, लघवी किती झाली, ड्रेसिंग कधी बदललं, हे कागदावर असतंच. पाऊण तास जातो तो दुसऱ्याच गोष्टींत. सहा नंबरच्या आजोबांना डाव्या कानानं ऐकू येत नाही. बारा नंबरची बाई नवरा समोर असला की दुखतंय म्हणत नाही.

वडील ॲडमिट होते तेव्हा त्यांच्या कागदावर 'नॉर्मल डाएट' असं स्वच्छ अक्षरात लिहिलेलं होतं. दोन दिवस ताट जसंच्या तसं परत गेलं. 'पेशंट जेवत नाही' अशी नोंदही झाली. तिसऱ्या रात्री एका सिस्टरनं त्यांना तोंड उघडायला लावलं आणि लिहिलं : 'कवळी घरी राहिली. पेज द्यावी.' आम्हा घरच्यांनाही ते सुचलं नव्हतं, हे कबूल करतो.

अशा ओळीचं मोल मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिकांनी दाखवलंय. तिथल्याच परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर 27 नोव्हेंबर 1973 रोजी हल्ला झाला आणि त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. 18 मे 2015 रोजी त्या गेल्या. तोवर त्यांना सांभाळलं ते या सहकाऱ्यांनी. दयामरणाची याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली तेव्हा डॉक्टरांच्या समितीनं तपासणी केली. तिच्या अहवालात मेंदूच्या अवस्थेबरोबर हेही आलं, की त्यांना मासे आवडतात, सामिष जेवण दिलं की त्या हसतात. हे कुठल्या यंत्राला कळणार होतं? रोज भरवणाऱ्या हातांना ते माहीत होतं. 2011च्या निकालात याचिका फेटाळली गेली आणि अरुणाबाईंच्या वतीनं बोलण्याचा अधिकार केईएमच्या कर्मचाऱ्यांचा मानला गेला.

रुग्णाची अशी ओळख व्हायला पुरेसे हात हवेत. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार साध्या रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका हवी. एकटीच्या गळ्यात पंचवीस-तीस खाटा पडल्या की केअर प्लॅनच्या रकान्यात सगळ्यांसाठी एकच वाक्य उतरतं : 'मानसिक आधार दिला.' तपासणीला आलेल्यांना ते चालतंही. दोष मी सिस्टरांना देणार नाही. फॉर्म वाढवत नेणाऱ्यांनी आधी माणसं वाढवावीत.

"आजोबांच्या कानाचं लिहीत का नाही?" मी जिन्यात त्या सिस्टरना विचारलं.

"रकाना कुठाय? चार्टच्या मागे पेन्सिलनं लिहिते."